पाखरांचा माग

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त बेंगळुरू येथे भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



शाळेच्या साठ वर्षांच्या वाटचालीचा आढावा माझ्या आधीच्या वक्त्यांनी समर्थपणे घेतला आहे. त्याची पुनरावृत्ती मी करणार नाही. ‘शाळेत शिकलेले विज्ञान घरात कसे उपयोगी पडते’ या विषयावर बोलावे, अशी संयोजकांची सूचना होती. त्यासाठी मी एक अगदी लहान उदाहरण निवडले आहे. ते म्हणजे तांदळाच्या डब्याचे झाकण उघडताच भुर्रकन उडणारे राखाडी पाखरू. विषय ऐकून काही जणांच्या चेहऱ्यावर स्मित उमटलेले मला दिसते. ज्यांच्या घरी सध्या ही पाखरे आहेत, त्यांच्या चेहऱ्यावर मात्र ते दिसत नाही.

हा विषय निवडण्यास कारण आहे. आपल्यापैकी बहुतेक जण नोकरी-व्यवसायासाठी सीमाभागातून या महानगरात आले. मागोमाग गावाकडचे तांदूळ आले, चकलीची भाजणी, मेतकूट, नाचणीचे पीठ आणि सुके खोबरे आले. आईने वा सासूबाईंनी ते मायेने निवडून, पाखडून, भाजून पाठविलेले असते. दोन महिन्यांनी डबा उघडावा, तर आत जाळी धरलेली असते आणि पांढुरक्या अळ्या वळवळत असतात. मग अनेक घरांत एकच गोष्ट घडते. तो जिन्नस गुपचूप कचऱ्यात जातो आणि फोनवर आईला सांगितले जाते, ‘‘संपली हो भाजणी, फार छान झाली होती.’’ खरे सांगण्याची लाज वाटते. कारण धान्याला कीड लागणे म्हणजे घरच्या बाईचा निष्काळजीपणा, ही समजूत आपल्याकडे फार खोलवर रुजलेली आहे. ती चुकीची आहे, हे मला प्रथम सांगावयाचे आहे.

पाखरू बाहेरून उडत येऊन स्वच्छ घर बिघडविते असे क्वचितच होते. बहुधा त्याची अंडी धान्याबरोबरच घरात येतात. शेत, गोदाम, गिरणी, वाण्याचे दुकान यांपैकी कोठेही ती धान्याला चिकटलेली असू शकतात. ती इतकी बारीक असतात की कितीही निवडले-टिपले तरी सहज दृष्टीस पडत नाहीत. ओटा लखलखीत असलेल्या घरात पाखरे होतात आणि अस्ताव्यस्त घरात होत नाहीत, असेही दिसते. तेव्हा सासूने सुनेला किंवा सुनेने स्वतःला दोष देण्याचे काही कारण नाही.

आता शत्रूची ओळख करून घेऊ. धान्यातील सारे किडे आपण एकाच नावाने ओळखत नाही, ही मराठीची श्रीमंती आहे. टोके, सोंडे, पोरकिडे, भुंगेरे, पाखरे असे वेगवेगळे शब्द आपल्याकडे आहेत, आणि उपायही वेगवेगळे असतात. तांदूळ-गव्हात चालणारा, पुढे सोंड असलेला काळसर किडा वेगळा. डाळी-कडधान्यांना गोल भोके पाडणारा भुंगेरा वेगळा. आणि दाणे रेशमासारख्या धाग्यांनी एकमेकांना चिकटवून गुठळ्या करणारी अळी वेगळी. ही अळी म्हणजेच आपल्या पाखराचे बालपण.

आपल्या स्वयंपाकघरांत प्रामुख्याने दोन प्रकारची पाखरे आढळतात. एक सरसकट राखाडी-तपकिरी रंगाचे, तांदळावरील पाखरू; शास्त्रज्ञ त्याला ‘कॉर्सायरा सेफॅलोनिका’ म्हणतात. तांदूळ, रवा, ज्वारी, बाजरी, शेंगदाणे ही त्याची आवडती ठिकाणे. दुसऱ्याच्या पंखांचा अंगाकडील भाग फिकट व टोकाकडील भाग तांबूस असतो. ते ‘प्लोडिया इंटरपंक्टेला’. पीठ, सुका मेवा, सुक्या मिरच्या, चॉकलेट, पक्ष्यांचे खाद्य असे काहीही त्याला चालते. इंग्रजीत या दुसऱ्या पाखराच्या नावात ‘इंडियन’ हा शब्द आहे. तो पाहून आपल्या देशाला वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. एसा फिच या अमेरिकी कीटकशास्त्रज्ञाने १८५६ मध्ये ते नाव रूढ केले, कारण त्याला हा कीटक मक्याच्या पिठात आढळला होता आणि त्या काळी तिकडे मक्याच्या पिठाला ‘इंडियन मील’ म्हणत. मी भाषेची शिक्षिका असल्याने हे सांगितल्यावाचून मला राहवले नाही.

या प्राण्याचे चरित्र समजले की अर्धी लढाई जिंकल्यासारखी आहे. उडणारे पाखरू काही खात नाही. त्याचे आयुष्य साधारणतः एक-दोन आठवड्यांचे, आणि त्यातील काम एकच : जोडीदार शोधणे व अंडी घालणे. एक मादी शंभराहून अधिक, कधी तीन-चारशेपर्यंत अंडी घालते. काही दिवसांत त्यांतून केसासारख्या बारीक अळ्या निघतात. खाण्याचे आणि नासाडीचे सारे काम या अळ्या करतात. पूर्ण वाढलेली अळी मात्र अन्न सोडून बाहेर पडते, भिंतीवर चढते आणि छताच्या कोपऱ्यात, झाकणाच्या आट्यांत किंवा फळीच्या खाचेत कोश विणते. म्हणूनच ‘छतावर अळी कोठून आली?’ हा प्रश्न अनेकांना पडतो. ऊबदार हवेत अंड्यापासून पाखरापर्यंतचा हा प्रवास महिना-दीड महिन्यात पुरा होतो.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. संध्याकाळी दिव्याभोवती फिरणाऱ्या पाखरामागे टाळ्या वाजवीत धावण्याने फारसे काही साधत नाही. ते दिसले, याचा अर्थ एक पिढी पूर्ण झाली आहे आणि पुढची कोठल्यातरी डब्यात वाढते आहे. पाखरू हा पुरावा आहे; शोधावयाचे आहे ते त्याचे घर.

आता बेंगळुरूचा प्रश्न. गावाकडे आपल्या आजीच्या कणगीत इतकी पाखरे नव्हती, मग येथेच का? एक कारण हवामानाचे आहे. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले आहे. येथे ना कडक थंडी, ना विदर्भ-मराठवाड्यासारखा जाळणारा उन्हाळा. पाऊसही नैऋत्य व ईशान्य अशा दोन्ही मोसमी वाऱ्यांचा. आपल्याला सुखावणारी ही मऊ हवा पाखरांनाही वर्षभर सुखावते. दुसरे कारण राहणीचे आहे. सदनिकेला अंगण नाही, गच्ची सामाईक, आणि स्वयंपाकघरातील बंद कपाटांत ऊन-वारा पोहोचत नाही. तिसरे कारण आपल्या नव्या आवडीनिवडींत आहे. राळे, वरई, बाजरी, ओट्स, जवस, सुका मेवा यांच्या अर्धवट वापरलेल्या डझनभर पिशव्या आज प्रत्येक कपाटात असतात.

गावाकडच्या रीतींमागे विज्ञान होते. पण ती रीत कशासाठी, हे आपण विचारले नाही, म्हणून जागा बदलताच ती निरुपयोगी ठरली. वैशाखात धान्याला ऊन दाखवीत, ते उष्णतेसाठी. साधारण ५५ ते ६० अंश सेल्सिअस उष्णता तासभर लागली की अंडी व अळ्या मरतात. बेंगळुरूच्या ढगाळ सकाळी बाल्कनीत परात ठेवण्याने ते साधत नाही. टोके फार तर चालत निघून जातात, पाखराची अंडी तेथेच राहतात. मात्र भर उन्हाच्या दिवशी काळ्या कापडावर धान्याचा अगदी पातळ थर पसरून वर पारदर्शक प्लास्टिक झाकले, तर उष्णता पुरेशी वाढू शकते. रवा भाजून ठेवण्याची आपली पद्धत याच तत्त्वावर आधारलेली आहे आणि ती येथेही तितकीच उपयोगी पडते.

तूरडाळीला एरंडेल तेल चोळतात. तेलाच्या थरामुळे भुंगेऱ्याची अंडी दाण्यावर नीट टिकत नाहीत, म्हणून कडधान्यासाठी तो उपाय चांगला. पाखरांवर त्याचा तसा भरवसा देता येत नाही. कडुनिंबाचा पाला, तमालपत्र, लवंगा यांच्या वासाने पाखरू काहीसे दूर राहत असेल, पण आत असलेली अंडी वा अळ्या त्याने मरत नाहीत. सुक्या मिरच्या ठेवणाऱ्यांनी तर हे लक्षात घ्यावे की काही पाखरांच्या अळ्या मिरच्याच खातात!

आपल्या पूर्वजांची सर्वांत विलक्षण युक्ती म्हणजे पेव. जमिनीत खोल खड्डा खणून, त्यात धान्य भरून तोंड पक्के लिंपून टाकीत. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे तर प्रसिद्धच आहेत. कर्नाटकातही नाचणी अशा भूमिगत कोठारांत वर्षानुवर्षे राहत असे. बंद पेवात धान्य आणि कीटक दोन्ही श्वास घेतात. प्राणवायू संपत जातो, कार्बन डायऑक्साइड वाढत जातो आणि कीटक गुदमरून मरतात. म्हणूनच पेव उघडल्यावर लगेच आत उतरणे जिवावर बेतू शकते. हवा खेळू दिल्यावरच माणूस उतरवीत. आज बाजारात मिळणाऱ्या हवाबंद धान्यपिशव्या याच तत्त्वावर चालतात. आपल्याला घरात पेव खणता येणार नाही. पण डबा हवाबंद असावा आणि होता होईल तो भरलेला असावा, एवढा धडा घेता येईल. मोठ्या डब्यात तळाशी दोन वाट्या तांदूळ उरले असतील, तर उरलेल्या जागेत कीटकांसाठी भरपूर हवा असते. तांदूळ लहान बरणीत काढून ठेवावेत.

आता प्रत्यक्ष उपाय सांगते. त्यासाठी एक सुटीचा दिवस राखून ठेवावा, कारण अर्धे कपाट आज आणि अर्धे पुढच्या रविवारी असे केल्यास पाखरे एका अर्ध्यातून दुसऱ्यात जातात.

सर्वप्रथम एकूणएक जिन्नस बाहेर काढावा. रोजच्या डब्यांपेक्षा विसरलेल्या वस्तू अधिक महत्त्वाच्या. आपल्या मराठी घरांत त्यांची ठिकाणे ठरलेली आहेत : देवघराच्या खणातील ओटीचे सामान, म्हणजे खारका, बदाम, सुपाऱ्या, खोबऱ्याच्या वाट्या, सवाष्णींनी दिलेल्या ओटीच्या तांदळाची पुरचुंडी, कलशाखालचे तांदूळ, लग्नाच्या रुखवतात आलेल्या धान्याच्या शोभेच्या वस्तू, पाळीव प्राण्यांचे खाद्य. आणि यात एक वस्तू आम्हा शिक्षकांनी तुमच्या घरी पाठविलेली आहे : डाळ-तांदूळ चिकटवून केलेले धान्यचित्र. मुलाचे कौतुक म्हणून ते वर्षानुवर्षे भिंतीवर असते. त्याचे छायाचित्र काढून ठेवावे आणि मूळ चित्राला निरोप द्यावा.

दुसरे काम निवाड्याचे. ज्या जिनसांत जाळी, अळ्या वा विष्ठा दिसते, ते पिशवीत घट्ट बांधून त्याच दिवशी घराबाहेर काढावे. परसात वा बाल्कनीत खत करणाऱ्यांनी त्यावर आधी उकळते पाणी ओतावे. आपल्याकडे म्हण आहे, गव्हाबरोबर किडेही रगडले जातात. स्वयंपाकघरात अनेकदा उलटे होते आणि किड्यांबरोबर चांगला गहूही फेकला जातो. ते टाळावे. जेथे कीड दिसत नाही, केवळ शंका आहे, ते जिन्नस लहान पिशव्यांत घालून फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर किमान चार दिवस, जाड पुडे असतील तर आठवडाभर ठेवावेत. फ्रिजच्या साध्या कप्प्यातील थंडीने वाढ थांबते, परंतु अंडी मरतीलच असे नाही. बाहेर काढल्यावर पुडा खोलीच्या तापमानावर येईपर्यंत उघडू नये. नाहीतर बाष्प धरते आणि धान्याला बुरशी येते.

तिसरे काम कपाटाच्या सफाईचे. फळ्यांवर घातलेले वर्तमानपत्र काढून टाकावे. त्याखाली कोश हमखास सापडतात. फळीच्या खाचा, खिळ्या-स्क्रूंची भोके, बिजागऱ्या, झाकणांच्या आट्या आणि छताचे कोपरे ब्रशने वा व्हॅक्यूम क्लीनरने साफ करावेत. मग गरम साबणपाण्याने पुसून पूर्ण कोरडे होऊ द्यावे. ओलसर फळीवर डबे परत ठेवणे म्हणजे नव्या पाहुण्यांना आमंत्रण.

चौथे काम डब्यांचे. आपल्या स्टीलच्या डब्यांची झाकणे बहुधा सैल असतात आणि नुकती जन्मलेली अळी त्या फटीतून सहज आत शिरते. पातळ प्लास्टिकची पिशवी तर ती कुरतडते. तेव्हा रबरी कडे असलेल्या काचेच्या वा जाड बरण्या वापराव्यात. पारदर्शक बरणीचा आणखी एक लाभ असा की आत काय चालले आहे ते झाकण न उघडता दिसते.

पाचवे आणि सर्वांत कठीण काम आहे धीर धरण्याचे. सफाईनंतर आठवड्याभरात एखादे पाखरू दिसले तर निराश होऊ नये. ते बहुधा नजरेतून सुटलेल्या कोशातून आलेले असते. सहा ते आठ आठवडे लक्ष ठेवावे. या काळात नवीन पाखरे दिसत राहिली, तर एखादा डबा तपासावयाचा राहिला आहे असे समजावे. पुढे नवे धान्य आणताना थोडे आणावे, आणल्या तारखेची चिठ्ठी लावावी, आणि शक्य असेल तर आधी चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवून मगच बरणीत भरावे.

बाजारात पाखरांसाठी चिकट सापळे मिळतात. त्यांत मादीच्या गंधासारखा कृत्रिम गंध असतो आणि त्याकडे नर आकर्षित होतात. हे सापळे प्लोडिया व तिच्या जवळच्या नातलगांसाठी बनविलेले असतात. तांदळावरील राखाडी पाखराचा व्यवहार वेगळा आहे : तेथे गंध सोडतो तो नर. त्यामुळे तुमच्या घरी ते पाखरू असेल, तर सापळा रिकामा राहील आणि कपाट मात्र भरलेले. सापळा पाळतीसाठी ठेवावा. त्यावर विसंबू नये.

आता मी ज्या गोष्टीसाठी खरे तर हा विषय निवडला, ती सांगते. लाज आणि घाई या दोन्हींपायी माणसे विषाकडे वळतात. तांदळाला बोरिक पावडर चोळणे, धान्यात पाऱ्याच्या गोळ्यांची पुरचुंडी ठेवणे, काड्यापेट्या टाकणे, कपाटात झुरळांचे औषध फवारणे, हे सारे आपल्या सुशिक्षित घरांत चालते. बोरिक ॲसिड अन्नात मिसळण्यास परवानगी नाही. पारा हे विष आहे आणि त्याची वाफ डोळ्यांना दिसत नाही. फवारणी अन्नाच्या आतील अळीपर्यंत पोहोचत नाही, पण तुमच्या ताटापर्यंत पोहोचू शकते. सर्वांत भयंकर आहेत त्या गोदामात धुरी देण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या. हवेतील ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू निघतो. त्या विषावर उतारा नाही. बंद घरात तो वायू झोपेतल्या माणसांचा जीव घेऊ शकतो, शेजारच्या खोलीतल्यांचाही. या गोळ्या प्रशिक्षित व्यावसायिकांनीच हाताळावयाच्या आहेत. कोणी ओळखीने आणून दिल्या, तरी त्या घरात घेऊ नका. नजरचुकीने शिजलेल्या अळीने किळस येईल. जीव जाणार नाही. या दोन धोक्यांतील अंतर आपण ओळखले पाहिजे.

शेवटी एक आनंदाची गोष्ट. याच शहरात हेब्बाळ येथे राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो ही संस्था आहे. १९९३ मध्ये जैविक नियंत्रण प्रकल्प संचालनालय म्हणून ती उभी राहिली. ज्या तांदळावरील पाखराला आपण घरातून हाकलतो, ते अशा संस्थांच्या प्रयोगशाळांत मुद्दाम वाढवितात! लाकडी खोक्यांत बाजरीचा भरडा घालून त्यावर त्याच्या पिढ्या पोसतात. कारण त्याच्या अंड्यांत ‘ट्रायकोग्रामा’ नावाची, अर्ध्या मिलिमीटरएवढी गांधीलमाशीची बहीण आपली अंडी घालते. आधी अतिनील प्रकाश देऊन पाखराच्या अंड्यांतून अळ्या निघणार नाहीत अशी व्यवस्था करतात. अशी हजारो अंडी चिकटविलेली कार्डे शेतात लावली की त्यांतून बाहेर पडणाऱ्या ट्रायकोग्रामा उसावरील खोडकिडीच्या अंड्यांचा नाश करतात. आपला सीमाभाग उसाचा मुलूख. ज्या पाखराने तुमच्या बेंगळुरूतील भाजणीची नासाडी केली, त्याच्याच जातीच्या अंड्यांवर तुमच्या गावाकडच्या उसाचे रक्षण होऊ शकते. निसर्गात कोणी सर्वस्वी शत्रू नसतो. प्रश्न असतो तो जागेचा.

पालकांना माझी विनंती आहे. येत्या सुटीत कपाट रिकामे कराल, तेव्हा मुलांना बाहेर खेळायला पाठवू नका. त्यांच्या हाती भिंग द्या. अळी, कोश, पाखरू ओळखायला सांगा. किती दिवसांनी काय दिसले, याची नोंद एका वहीत ठेवायला सांगा. पाठ्यपुस्तकातील कीटकाच्या चार अवस्था त्यांना एका तांदळाच्या डब्यात भेटतील. आणि माजी विद्यार्थिनींनो, गावाकडून आलेल्या डब्यात पाखरे निघाली, तर ते आईला मोकळेपणाने सांगा. तिला वाईट वाटेल, पण पुढच्या खेपेस ती भाजणी लहान पुड्यांत बांधून पाठवील आणि तुम्ही ती फ्रीजरमध्ये ठेवाल. खरे सांगितल्याने माया कमी होत नाही, नासाडी मात्र कमी होते.